साबणाच्या कॅनचं झाकण

तीर्थस्वरूप दादा,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात जिना चढवत नाही म्हणून लिहिलं होतंत आणि परवा फोनवर गच्चीवरून बोलतोय म्हणालात, तेव्हा एक तर गुडघा बरा असावा, नाहीतर पत्र खोटं असावं. इकडे आम्ही सुखरूप. तुमची बहीण दिवसातून दोनदा माझ्यावर रागावते, म्हणजे प्रकृती उत्तम.

महिन्यापूर्वीच्या एका सोमवारी सकाळी मी कँटीनमध्ये पाच मिनिटं लवकर गेलो, भांडी धुण्याच्या मशीनला हात जोडले (रोजच जोडतो, चाकरी तिच्या जिवावर आहे) आणि साबणाच्या कॅनच्या झाकणावरचं एक बारीक भोक मेणाने बुजवलं. त्याचं असं आहे. मशीनशेजारी वीस लिटरचा कॅन असतो. झाकणातून एक नळी आत जाते आणि पंप त्या नळीने लागेल तेवढा साबण ओढून घेतो. नळीच्या बाजूला टाचणी जाईल एवढं ते भोक होतं. आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक. आमच्या गावच्या शाळेत माठावरचं झाकण ज्याच्याकडून राहील त्याने आठवडाभर माठ भरायचा, असा दंडक होता. तेव्हापासून मला उघडं काही बघवत नाही. तुमची बहीण म्हणते, मला बसल्या जागी डुलकी लागली तर हे माझ्यावरही ताटली पालथी घालतील. शिवाय माझ्यासाठी साहेबांकडे शब्द टाकताना "आमचे भावजी फार काटेकोर" असं तुम्हीच म्हणाला होतात. त्या शब्दाला जागलो, इतकंच.

त्याच दिवशी दुपारी मशीनचा लाल दिवा लागला आणि ताटं तेलकट बाहेर यायला लागली. दुपारपाळीला मावशी असतात. (माझ्याहून सहाच वर्षांनी मोठ्या, पण सगळं कँटीन त्यांना मावशी म्हणतं.) त्यांनी आठशे ताटं हाताने घासली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने झाकण फिरवलं, कॅनने हुश्श केलं, पंप खळखळून चालला. त्याने तरीही नळी बदलली, चहा घेतला आणि गेला. सकाळी येऊन बघतो तर झाकण नुसतंच टेकवलेलं! या लोकांना कामाची चाड नाही, असं मनात म्हणत मी ते दोन्ही हातांनी आवळलं. दुपारी पुन्हा लाल दिवा. मग त्याने पंप बदलला, मी झाकण आवळलं. त्याने आतली इलेक्ट्रॉनिक पाटी बदलली, मी झाकण आवळलं. त्याच्यासमोर मशीन सुतासारखं सरळ, तो गेला की दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा रुसलेलं. त्याला वाटे मशीनला बाधा आहे. मी तर साबणाला साकडं घालायच्या बेतात होतो.

मग साहेबांनी तिघांची समिती नेमली. तिघांपैकी एकानेही आयुष्यात स्वतःचा कप विसळलेला नाही, त्यामुळे निष्पक्षपणाची खात्री होती. समितीने भिंतीवर तक्ता लावला आणि मावशींनी दर अर्ध्या तासाला वहीत "साबण आहे" असं लिहून सही करायची असं ठरवलं. साबण होताच, तेव्हा नोंदी अगदी खऱ्या. अखेर अकरा पानांचा अहवाल आला. सकाळी बिघाड नाही, दुपारीच आहे, अर्थात दोष दुपारपाळीच्या हाताळणीत आहे. एक तारखेपासून मावशींना कमी करायचं. सकाळपाळीला, म्हणजे मला, आदर्श कर्मचारी म्हणून प्रमाणपत्र.

प्रमाणपत्राबरोबर फळांच्या रसाचं एक खोकंही मिळालं. मशीनजवळ बसून मी ते नळीने ओढत होतो. मावशी म्हणाल्या, "भाऊ, जायच्या आधी मला एवढं सांगा, तुम्ही सकाळी असं काय करता की मशीन तुमचं ऐकतं?" मी ओढतच राहिलो, आणि खोक्याची गालफडं आत गेली. सहज शेजारी पाहिलं, तर कॅनचीही गालफडं अगदी तशीच बसलेली. आत हवाच जात नव्हती! मी झाकण सैल केलं. हुश्श. दिवा विझला. मावशी नेमक्या ताटं ठेवायला वळल्या होत्या. मी झाकण पुन्हा आवळलं. (हातांना सवय, आणि प्रमाणपत्र नुकतंच मिळालेलं.)

रोज हात जोडताना मी डोळे मिटतो, तिथेच चुकलं. देव समोर झाकणच दाखवत होता. असो. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
काटेकोर भावजी

ता. क. पत्राचं खरं कारण असं. तुमची नि साहेबांची ओळख आहे. गुडघ्याबद्दल बोलता बोलता, कॅनच्या झाकणाला हवेसाठी भोक लागतं एवढं त्यांच्या कानावर घालाल का? माझं नाव नको. प्रमाणपत्र तुमच्या बहिणीने चौकटीत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावलं आहे.

आणखी ता. क. साहेबांना फोन करू नका. या पत्राचं पाकीट खिशात ठेवून आज कामावर गेलो होतो. दुपारी मावशी वहीत "साबण आहे" लिहीत होत्या आणि सालपटं निघालेल्या बोटांत पेन धरवत नव्हतं. मी टाचणी घेतली, त्यांच्यादेखत मेण कोरून काढलं आणि तसाच साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, अहवाल वर गेलाय, आता बदलता येणार नाही. मी म्हटलं, मावशींच्या नावाच्या जागी माझं घाला, पानं अकराच राहतील. हे त्यांना पटलं. मावशी कामावर राहिल्या, आणि त्यांनीच शब्द टाकला म्हणून मीही राहिलो. मला महिनाभर दुपारपाळी, आणि तेलकट ताटं मी हाताने घासायची, ही शिक्षा साहेबांची नव्हे, मावशींची. देव्हाऱ्याशेजारी मोकळा खिळा का दिसतोय ते तुमच्या बहिणीला तुम्हीच फोनवर समजावा, मला ती दोन वाक्यंही बोलू देणार नाही. वहीत मावशींच्या सहीखाली मी लिहून आलो आहे : भोक मी बुजवलं होतं, मीच उघडलं. आणि झाकणाकडे मान वळवून न बघता घरी आलो.