क्लिंगर फॅमिली ट्रस्टमधल्या तीन वस्तू आणि एक सही

मी, आर्डिथ मे क्लिंगर, मर्विन क्लिंगर यांची विधवा, वय ७४, राहणार एल्डर रन, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, स्वतःच्या हाताने आणि कुणीही न सांगता लिहीत आहे. माझी नजर अधू झाली आहे, बुद्धी नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे दीर डेलमार यावर शंका घेतील. याआधी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते.

१. घर, मागची चार एकर जागा आणि बँकेतली शिल्लक माझी नात कॅसिडी हिला द्यावी. ती चौदा महिने माझ्याशी बोललेली नाही. तरीही द्यावी. अट एकच: घराचा ताबा घेण्यापूर्वी तिने कलम ४ शेवटपर्यंत वाचावं.

२. शिवणयंत्र आणि सफरचंदाचे ॲपल-पाय भाजण्याची सगळी भांडी चर्चच्या स्वयंपाकघराला.

३. माझा मुलगा क्रेग याच्या मासेमारीच्या काठ्या शेजारी रे डनमायर यांच्याकडे आहेत. त्या त्यांच्याकडेच राहाव्यात. क्रेगने त्या नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना देऊन टाकल्या. रे त्याच दिवशी माझ्या दाराशी आले होते. म्हणाले, "आर्डिथ, ज्या काठीला हा मला हात लावू देत नव्हता, ती आज माझ्या गाडीत टाकून गेला. मला हे बरं दिसत नाही." मलाही बरं दिसलं नव्हतं.

४. क्लिंगर फॅमिली ट्रस्टबद्दल.

या ट्रस्टच्या नावावर तीन वस्तू होत्या: बंदुकीचा आवाज दाबणारे दोन सायलेन्सर आणि एक आखूड नळीची रायफल. अशा वस्तू सरकारदरबारी ज्याच्या नावावर असतील त्यानेच हाताळायच्या असतात. नवरा घरी नसताना बायकोला तिजोरीचे आकडे माहीत असले, तरी ती गुन्हेगार ठरू शकते. म्हणून आमच्याकडचे लोक ट्रस्ट करतात. वस्तू ट्रस्टच्या मालकीची होते आणि ट्रस्टमध्ये ज्यांची नावं आहेत ते सगळे विश्वस्त ती कायदेशीरपणे वापरू शकतात. मर्विनने २००९ मध्ये हा ट्रस्ट केला. विश्वस्त चौघे: तो, मी, त्याचा भाऊ डेलमार आणि क्रेग. मर्विन गेल्यावर आम्ही तिघे उरलो. तिजोरी माझ्या तळघरात होती, बटणांची. आकडे क्रेगच्या जन्मतारखेचे.

ट्रस्टच्या दस्तातलं कलम सहा असं होतं: कोणत्याही विश्वस्ताला ट्रस्टच्या वस्तूंपासून दूर ठेवता येणार नाही, त्याचं नाव कमी करायचं असेल तर उरलेल्या सर्व विश्वस्तांनी नोटरीसमोर सही करावी.

मी एकोणतीस वर्षं काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात काम केलं. एका सहीवाचून अडलेले कागद मी शेकड्यांनी परत पाठवले आहेत. हे इथे लिहिणं आवश्यक आहे.

काचेचा कारखाना बंद झाल्यापासून क्रेग माझ्याकडे वरच्या खोलीत राहत होता. जेवण टाकत होता. दिवसभर पडून असायचा. काठ्या दिल्या त्या दिवशी मी त्याचं नाव कमी करण्याचा कागद टाइप केला आणि सोमवारी, २२ नोव्हेंबरला, डेलमारना बोलावलं. त्यांनी कॉफी प्यायली, कागद वाचला आणि हसले.

"काय गं वहिनी, माणूस जरा तोंड पाडून बसला की त्याचं नाव खोडायचं? मग या खोऱ्यात एक नाव उरायचं नाही!"

"भावजी, मला भीती वाटते."

"तुला मेघ गडगडला तरी भीती वाटते. शनिवारी हरणांचा मोसम सुरू होतोय. मी नेतो त्याला रानात, बघ कसा ताळ्यावर येतो. त्याला कळलं की त्याच्या आईने त्याला बापाच्या ट्रस्टमधून हाकललंय, तर काय वाटेल त्याला?"

"मग निदान तिजोरीचे आकडे बदलते."

"बदल की! आणि कलम सहा? तू दस्तऐवजवाली, तुला मी शिकवायचं? मोसम संपू दे, मग करतो सही."

मी आकडे बदलले नाहीत. सतरा दिवस सहीची वाट पाहिली. डेलमार त्याला एकदाही रानात घेऊन गेले नाहीत. गुरुवारी, ९ डिसेंबरला, सकाळी मी चर्चमध्ये ॲपल-पाय भाजत होते. क्रेगने यादीतली तिसरी वस्तू काढली. तो विश्वस्त होता. तिजोरी त्याच्या जन्मतारखेने उघडली.

बंदूक साफ करताना अपघात झाला, असं डेलमारनी सगळ्यांना सांगितलं. मी गप्प राहिले. कॅसिडी, तो अपघात नव्हता. तुझ्या वडिलांना कुणीतरी वेळेवर अडवायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये डेलमार हॅमच्या सँडविचची बशी घेऊन माझ्याजवळ आले. "वहिनी, तो कागद आहे का गं? टाकतो सही. तारीख मात्र मागची टाकू. उगाच कुणी काही विचारायला नको."

लोइस हार्टझेल तिथेच कॉफी वाढत होती. ती नोटरी आहे आणि तिचा शिक्का पर्समध्ये असतो. मी म्हटलं, "तारीख आजची टाका. आणि खाली दुसरा कागद आहे, तोही वाचा." त्यांनी आजची तारीख टाकली. दुसरा कागद वाचला नाही, नुसती सही केली. तो त्यांचा स्वतःचा राजीनामा होता.

मग मी एकटीच विश्वस्त उरले. तिन्ही वस्तू सरकारी कार्यालयात नष्ट करण्यासाठी जमा केल्या आणि ट्रस्ट मोडला. पावती वरच्या खणात आहे. डेलमारनी तुला सांगितलं की आजीने फसवून तुझ्या वडिलांची आठवण सरकारच्या घशात घातली. फसवलं म्हणायचं तर म्हण. ती आठवण तुझ्या घरात यावी असं मला वाटलं नाही.

५. डेलमार क्लिंगर यांना क्रेगचं नाव कमी करण्याचा, १३ डिसेंबर २०२१ ची तारीख असलेला त्यांच्या सहीचा तो कागद द्यावा. मी त्याला चौकट करून घेतली आहे. आणखी काही देऊ नये.

६. रिकामी तिजोरी भंगारात द्यावी. काल मी खाली जाऊन तिचे आकडे बदलून पाहिले. घड्याळ लावून. चाळीस सेकंद लागले.

७. कॅसिडी, या घरात कधी तुला कुणाविषयी तशी भीती वाटली, तर आधी कुलूप बदल. कागद मागाहून.

हे सर्व मी वाचून, समजून सही करते.

आर्डिथ मे क्लिंगर
एल्डर रन, शुक्रवार, ३ मार्च २०२३

आर्डिथने आमच्यादेखत सही केली आणि आम्ही तिच्यादेखत. तारीख आजचीच आहे.

साक्षीदार: लोइस हार्टझेल
साक्षीदार: रे डनमायर