पत्र्यावर फेकलेला दात

प्रिय क्रांती,

तू, मी आणि मैदानावर शिट्टी घेऊन उभी राहणारी प्रत्येक बाई, आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. लोक पोरी आपल्या हवाली करतात आणि त्यांच्या तोंडाला लागलं तर काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. किती शिबिरं केली आपण! मुरगळलेला घोटा बांधायला शिकलो, सर्पदंशावर दोन-दोन तास ऐकलं. दातावर एक वाक्य नाही. जणू पोरी तोंड घरी ठेवून कबड्डी खेळतात!

मंगळवारी सरावात मुस्कानच्या तोंडावर कोपर बसलं. सातवीतली माझी सगळ्यात चपळ पोरगी. वरचा पुढचा दात मुळासकट मातीत पडला. रक्त बघून बाकीच्या रडायला लागल्या. शाळेत खिचडी करणाऱ्या झुंबरबाई धावत आल्या, दात बघून म्हणाल्या, "बाई, ह्यो दुधाचा न्हाय. मोठा हाय." कुणी ऐकलं नाही. आपण लहानपणी टाकायचो तसा दात गेला पत्र्यावर. 'नवा येतोय की!' म्हणून पोरी हसल्यासुद्धा. मुस्कानच्या तोंडात कापूस देऊन तिला घरी पाठवलं.

तिचे वडील फक्रुद्दीनभाई तिला उचगावातून थेट कोल्हापूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांचा पहिला प्रश्न, दात कुठाय? मग शाळेत फोन, शिडी, शोधाशोध. दोन तास उन्हात भाजलेला दात मी साबण लावून खसाखसा घासला आणि नेऊन दिला. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "घासला कशाला?" मुळावर जिवंत पातळ पापुद्रा असतो म्हणे, त्याच्यामुळे दात पुन्हा जागेवर धरतो. दात पांढऱ्या बाजूनं उचलायचा, माती लागली असेल तर पाण्याखाली नुसता धरायचा, आणि पक्का दात असेल तर तिथल्या तिथं हिरडीतल्या खाचेत बसवायचा. नाही जमलं तर दुधात टाकून अर्ध्या तासात दवाखाना गाठायचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. "दूध मिळालं न्हाय व्हय तुम्हाला? कोल्हापूर जिल्ह्यात?" काय सांगू, चहाच्या दुधाची किटली दहा पावलांवर होती.

दात बसवलाय, शेजारच्या दातांना तारेनं बांधलाय. पण टिकेल याची खात्री नाही. मूळ हळूहळू विरघळेल, चार-पाच वर्षांत पडेलही. बारा वर्षांची पोरगी आता तोंडावर हात धरून हसते.

चार दिवस मी शिक्षण खात्याच्या नावानं ओरडतेय. ते गाऱ्हाणं खरंच आहे. पण गडबडीत कुणीतरी दात टाकला, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं, ते खोटं. तो मी फेकला, क्रांती. दरवर्षी अंधश्रद्धेवर भाषण ठोकणाऱ्या मी, पोरींना हसवायला. झुंबरबाईंना माहीत होतं, त्या गप्प राहिल्या. आज फक्रुद्दीनभाईंच्या घरी जाऊन कबूल केलं. ते म्हणाले, "बाई, माझ्या पोरीचं झालं ते झालं. दुसरीचं हू दिऊ नका."

पुढच्या शनिवारी गारगोटीला कबड्डीसाठी तुमच्या तालुक्याच्या सगळ्या शाळा येतील आणि माइक तुझ्या हातात असेल. पाहुण्यांचे हार नंतर होऊ देत. पहिल्या सामन्याआधी पडलेला दात कसा सांभाळायचा ते सांग. आणि एका बाईनं काय केलं तेही, माझ्या नावानिशी.

तुझीच,
अनुजा