माझ्या सात गाई आणि धाकटी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा दुधाचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, सांगून लिहवून घेत आहे. गुडघे गेले, बोटे आखडली, पण डोके ठिकाणावर आहे. तसा निर्वाळा गुरांच्या डॉक्टरांनी दिला आहे. माणसांच्या डॉक्टरांनीही दिला आहे, पण माझा भरवसा पहिल्यांवर जास्त. मला कोणी धाक घातलेला नाही, गळ घातलेली नाही, गोड बोलून गुंडाळलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि कोणी तसा कागद पुढे केलाच तर तो खोटा समजावा. कायद्याची भाषा लेखनिकांनी सांभाळावी आणि बाकीचे मी सांगेन तसे लिहावे, असे आमचे ठरले आहे. त्यांनी मघापासून दोनदा चष्मा पुसला. मी म्हटले, मरणार मी आहे, तुम्ही लिहा.

या कागदात जिथे "धाकटी" असे येईल तिथे माझी धाकटी जाऊ समजावी. माझा गोठा आणि तिचा गोठा यांच्यामध्ये एक भिंत आहे. वाटणीच्या आधी गोठा एकच होता.

कलम एक. राहते घर, मागचे अंगण, गोठा आणि चाऱ्याची खोली माझ्या मुलाला मिळावी. तो शहरात कचेरीत असतो आणि दुधाशी त्याचा संबंध चहापुरता उरला आहे. घर त्याने विकावे किंवा ठेवावे, मी वर बसून बघणार नाही. मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी जी लाकडी खुर्ची आहे ती त्याने कोणालाही देऊ नये, मोडून चुलीत घालावी. त्या खुर्चीवरून धाकटीच्या दारातली दुधाची गाडी दिसते. गाडीत तिच्या किती किटल्या चढल्या ते मी त्या खुर्चीवर बसून रोज मोजले. तिच्यावर बसून कोणाचे भले होण्यासारखे नाही.

कलम दोन. बँकेतली शिल्लक आणि माझ्या दोन बांगड्या नातीला. तिने शिकावे. गुरांची डॉक्टर झाली तर फारच उत्तम. झाली आणि धाकटीच्या गाई तपासायला गेली, तर घरचे म्हणून फुकट तपासू नये, फी पूर्ण घ्यावी.

कलम तीन. सामान. कडबा कापायचे यंत्र, दोन घमेली, दावी, गव्हाणीवरचे पत्रे हे सगळे धार काढायला येणाऱ्या गड्याला. धार काढायचे यंत्रही त्यालाच. ते मी धाकटीने घेतले म्हणून घेतले. तिच्या गाई त्या यंत्राला अंगाई ऐकावी तशा सरावल्या. माझ्या गाईंनी पहिल्याच दिवशी लाथ मारून त्याचे नळे तोडले आणि तेव्हापासून ते पोत्याखाली आहे. पितळी किटल्या मुलाकडे जाव्यात, एक वगळून. ती एक, कडेला पोचा असलेली, धाकटीने फार वर्षांपूर्वी एकदा उसनी नेली होती. परत दिली ती घासून, उन्हात उलटी वाळवून, अशी लखलखीत की माझ्या बाकीच्या किटल्या तिच्या शेजारी भिकाऱ्यासारख्या दिसायला लागल्या. असे करायची काही गरज नव्हती. ती किटली मी तेव्हापासून वापरलेली नाही. ती भंगारात द्यावी.

कलम चार. हे मालमत्तेचे नाही, पण लिहून ठेवणे जरूर आहे, कारण पुढचे कलम त्यावर उभे आहे.

वाटणी झाली तेव्हा गोठ्यात बारा गाई होत्या. सासरे म्हणाले, थोरलीने आपल्या सहा आधी निवडाव्यात, राहतील त्या धाकटीच्या. संध्याकाळची वेळ होती, धारा व्हायच्या होत्या. धाकटी लग्न होऊन नुकती आलेली, पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, आधी धारा काढूया का? मग निवडा." गाईवाल्या घरात जन्मलेल्या कोणालाही यातले मर्म कळते. धारेआधी सगळ्याच कासा भरलेल्या दिसतात. धार काढल्यावर जी कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबते तिच्यात दूध होते, आणि जी तशीच टम्म राहते ती नुसती मांसाची. मलाही हे ठाऊक होते. पण काल आलेल्या पोरीने ते मला सासऱ्यांसमोर सांगावे? मी म्हटले, "आत्ताच निवडणार." आणि निवडल्या. पहिलेच बोट राणीवर ठेवले. तांबडी, उंच, कपाळावर पांढरा ठिपका, कास गुडघ्याला टेकलेली. बाकीच्या पाचही तशाच भरदार. धाकटीच्या वाट्याला खुरटलेल्या, बुटक्या राहिल्या.

पुढे काय झाले ते दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर, जिथे जास्त दूध घालणाऱ्याचे नाव वर लागते, वर्षानुवर्षे सगळ्यांनी वाचले आहे. राणीची कास धारेनंतरही तशीच राहायची. धाकटीच्या बुटक्या गाई बादल्या भरायच्या. मी हार मानली नाही, गाई वाढवल्या. माझ्याकडे एकेकाळी सव्वीस गाई होत्या आणि रस्त्याने जाणारी माणसे थांबून बघायची. धाकटीने कधी नवाच्या वर नेल्या नाहीत. उलट ती कमी करत गेली. दुधाची नसली की विकायची, चांगलीची कालवड ठेवायची, चोवीस तास पाणी, उन्हाळ्यात पंखा. तिच्या गोठ्यात पंखा लागला त्या दिवशी मला ताप आला होता. लोकांना तो हवापालटाचा वाटला.

गुरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर एक तक्ता आहे. त्यावर दोन रेघा आहेत. एक आमच्या सगळ्या भागातल्या गाईंच्या संख्येची, ती दरवर्षी खाली उतरते. दुसरी दुधाची, ती दरवर्षी वर चढते. डॉक्टर येईल त्याला कौतुकाने समजावतात की गाई निम्म्या झाल्या आणि दूध दुप्पट झाले, जमाना असा आहे. मी तो तक्ता पाहते तेव्हा मला जमाना दिसत नाही. खाली जाणारी रेघ मी आहे आणि वर जाणारी ती आहे. आज माझ्याकडे सात गाई उरल्या आहेत आणि तिच्याकडे पाच. तिच्या पाच जेवढे देतात तेवढे माझ्या सव्वीस गाईंनी मिळूनही कधी दिले नाही. फळ्यावर सगळ्यांत वर तिचे नाव असते. माझे कधीही आलेले नाही.

आणि एक गोष्ट. माझे यजमान हयात असताना एकदा तिच्याकडे चहा पिऊन आले आणि मला म्हणाले, "तिकडचं दूध दाट असतं गं." यजमानांना मी त्याबद्दल माफ केले. धाकटीला केलेले नाही.

कलम पाच. माझ्या सात गाई.

हे कलम आज दुपारी वेगळे लिहिले होते. त्यात असे होते की सातही गाई माझ्या मागे बाजारात व्यापाऱ्याला विकाव्यात. एकेक विकावी लागली तरी चालेल, पण धाकटीला एकही देऊ नये, तिने दुप्पट किंमत देऊ केली तरीही. आणि दुसरी साक्षीदार म्हणून मी मुद्दाम धाकटीलाच बोलावले होते. आपल्याला काही मिळणार नाही हे तिने कानांनी ऐकावे आणि खाली आपल्या हाताने सही करावी, अशी माझी इच्छा होती. ती इच्छा आता उरलेली नाही, आणि का उरली नाही ते इथे लिहून ठेवते. नाहीतर मुलगा म्हणेल, काकूने आईवर दडपण आणले.

धाकटी आली, पायरीवर बसली. लेखनिकांनी तिच्यापुढे सगळे वाचून दाखवले, पंख्याचे आणि किटलीचेही. माझे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते. ती किंचितही हलली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "सही कुठं करू? आणि ताई, चांदी हंबरतेय. तुमचा गडी आला नाही का?"

गडी आला नव्हता. चांदी माझी सगळ्यांत चांगली गाय. राणीच्याच वंशातली, तोच उंच बांधा, कपाळावर तोच ठिपका. माझी बोटे आखडल्यापासून ती गड्याला दूध देईना. तो बसला की पान्हा चोरायची. वासरू लावले, पेंड पुढे ठेवली, काही उपयोग झाला नाही. आठवडाभर तांब्याभर दुधावर भागवत होतो. मी म्हटले, "हंबरू दे. तुला काय करायचंय?"

"कास दुखत असेल तिची," असे म्हणून ती उठून सरळ माझ्या गोठ्यात गेली. परवानगी विचारली नाही. वाटणीनंतर तिने माझ्या गोठ्यात पाऊल टाकले ते आज पहिल्यांदा.

मी आणि लेखनिक इथेच बसलो होतो. आधी काहीच ऐकू येईना. मग रिकाम्या बादलीच्या तळावर धार वाजली. मग आवाज जाड होत गेला, फेसात बुडला, आणि थांबायचे नाव घेईना. खोटे कशाला बोलू, यजमान गेले तेव्हाही मला इतके लागले नव्हते. धाकटीने फळा घेतला, यजमानांकडून दाट म्हणवून घेतले, आता माझी चांदीसुद्धा तिच्या हाताला पान्हावली. लेखनिकांनी पाणी देऊ का म्हणून विचारले. मी नको म्हटले.

ती भरलेली बादली घेऊन आली आणि पायरीशी ठेवली. पदराने हात पुसत तिने गोठ्याच्या दाराकडे पाहिले.

"ताई, राणीच दिसते हो ही," ती म्हणाली. "मला राणीच हवी होती."

मी म्हटले, "काय?"

"वाटणीच्या वेळी. आल्या दिवसापासून माझा जीव होता तिच्यावर. दूध देत नव्हती फारसं, मला माहीत होतं. म्हणून तर म्हटलं, आधी धारा काढूया. तुम्ही तिची ती टम्म कास बघितली असतीत, तर दुसरी निवडली असतीत. राणी मला मिळाली असती."

"आणि मी तीच आधी घेतली."

"पहिलीच! मी दोन दिवस जेवले नव्हते. मग मामंजींनी भिंत घातली, ती दिसायचीही बंद झाली. तुम्ही तिला घेऊन पाण्यावर जायचात ना, मी चाऱ्याच्या खोलीच्या फटीतून बघायचे. इतका राग यायचा तुमचा, काय सांगू."

मी तिला विचारले, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हाला आनंद झाला असता," धाकटी म्हणाली.

झाला. तो आनंद मला झाला आहे आणि तो इथे नोंदवून ठेवते. ही बाई माझ्यावर जळत होती. फटीतून बघत होती. माझ्याकडे निदान खुर्ची होती. लेखनिकांना मी दुपारचे कलम पाच खोडायला सांगितले. नवे कलम असे.

चांदी आणि बाकीच्या सहा गाई, वासरांसह, माझ्या मागे धाकटीला मिळाव्यात. व्यापाऱ्याला एकही विकू नये. व्यापारी त्यांना वेगवेगळ्या दारी नेईल आणि त्या परक्या हाताला भाकड होतील. मात्र माझ्या अटी आहेत. माझ्या सात गाईंचे दूध एक वर्षभर धाकटीने स्वतःच्या हाताने काढावे आणि केंद्रावर ते माझ्या नावावर घालावे. माझे खाते तेवढे दिवस मुलाने चालू ठेवावे. तिच्या पाच गाई तिच्या नावावर, माझ्या सात माझ्या नावावर, एकात दुसरे मिसळू नये. धाकटीचे हात लागल्यावर माझ्या गाई किती देतील ते मला आज कळले आहे. वर्षअखेरीला फळ्यावर माझे नाव तिच्या नावाच्या वर लागेल आणि ते तिनेच लावलेले असेल. तिने धार अर्धी सोडून मला खाली ठेवण्याचा प्रयत्न करू नये. तो ती करणार नाही, गाईची कास दुखेल असे ती कधीच करत नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्याचाही मला राग येतो.

भिंत पाडायची झाल्यास पाडावी. विटा माझ्या समजाव्यात.

कलम तीनमधली पोचा असलेली किटली भंगारात न देता धाकटीला द्यावी. चांदीचे दूध त्यातच घालावे. कलम एकमधली खुर्ची मोडावी, त्यात बदल नाही.

वरील सर्व मजकूर लेखनिकांनी मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

ठिकाण: माझी ओसरी. तारीख: सात नोव्हेंबर, संध्याकाळच्या धारा झाल्यावर.

सही: थोरली (बोटे आखडल्यामुळे सही वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिले: गुरांचे डॉक्टर. सही केली.

साक्षीदार दुसरे: ~~धाकटी जाऊ~~ दुधाच्या गाडीचा चालक. सही केली.

खाडाखोडीबाबत: दुसऱ्या साक्षीदाराचे नाव मी स्वतः खोडले आहे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे लेखनिक म्हणतात. धाकटी पेन घेऊन तयार बसली होती. सही करायला मिळणार नाही असे कळल्यावर तिने पेन खाली ठेवले आणि गोठ्यात जाऊन चांदीच्या गळ्यात पडून रडली. कलम एकमधल्या खुर्चीवर बसून, खिडकीतून मी ते सगळे पाहिले.