गरम झालं की रुसणारं इंजिन

११ मे १९७६, मंगळवार

पुन्हा बंद! पहाटे थंडगार असताना माझा नवरा थेमेलिस एकदा हँडल मारतो की धडधडायला लागतं. दुपारी जाळी ओढून झाली, मासळी पाटीत पडली, आता घरी जायचं — तेव्हा मेलं ढिम्म! जाळी ओढताना इंजिन बंद करावंच लागतं, नाहीतर जाळं पंख्यात जातं. आज परत शेजारच्या होडीने आम्हाला दोरीने ओढत आणलं. धक्क्यावर सगळे दात काढत उभे. "काय अनेझिना, आता बैल जुंपा होडीला!" जळो मेल्यांची तोंडं!

१२ मे

मेकॅनिक याकूमिस म्हणतो, "वहिनी, गरम झालं की डिझेल पातळ होतं, पंपातून गळतं. पंपावर ओलं फडकं टाका." आमच्या लग्नात मानाचा साक्षीदार म्हणून आमच्या डोक्यावरचे मुकुट यानेच बदलले, म्हणून ऐकून घेतलं. फडकं टाकलं. अर्धा तास उन्हात बसलो. काही नाही! वल्ही मारत परत आलो. म्हणजे मी मारली. थेमेलिस सुकाणूवर.

१५ मे, शनिवार

फिल्टर नवा. व्हॉल्व्ह नीट केले. इंजिन तसंच.

थेमेलिस जेवताना म्हणाला, "विकून टाकू होडी." विकायची? पंधरा वर्षं समुद्राच्या तळाशी स्पंज कापून घेतलेली होडी! आणि मग करायचं काय, कॉफीच्या दुकानात बसून माश्या मारायच्या? खोल पाण्याने सांधे खाल्लेले त्याच्याबरोबरचे निम्मे पाणबुडे आज काठी टेकत चालतात, त्याचा सख्खा भाऊ तर कबरीत गेला. हा आपल्या कालिम्नोस बेटावर धड दोन पायांवर परत आला, आणि एका लोखंडाच्या ठोकळ्यापुढे हार मानणार? मी सरळ सांगितलं — होडी विकलीस तर मलाही वीक. तो उठून बाहेर गेला.

१७ मे

फादर येऊन इंजिनावर पवित्र पाणी शिंपडून गेले. एवढंच राहिलं होतं! दुपारी नेहमीचंच.

१८ मे

याकूमिस स्वतः होडीवर आला. तासभर इंजिन चालवलं, चांगलं तापवलं, बंद केलं. मग स्वतः हँडल मारलं. सुरू! परत बंद, परत सुरू. चार वेळा! "वहिनी, घोड्यासारखं आहे. काही झालेलं नाही याला."

असा संताप आला! मग आम्ही काय खोटं बोलतो? दहा दिवस खडकांजवळ हेलकावे खातोय ते मौज म्हणून? याकूमिस म्हणाला, "थेमेलिस, तू मार बघू." थेमेलिस तडकला, "मला माकड समजलास काय? खेळ दाखवू?" आणि निघून गेला. बरं केलं! तोंडावर सांगायला हवं होतं कुणीतरी या शहाण्याला.

मी म्हटलं, मग मीच मारून बघते. तर याकूमिसने हँडल पाठीमागे लपवलं! हँडल कप्तानाचं, बायकोने मारलं तर नवऱ्याला धक्क्यावर तोंड दाखवायला जागा नाही. मला काय ठाऊक नाही? लग्नाच्या सव्वीस वर्षांत बोट लावलेलं नाही मी त्याला.

१९ मे

याकूमिसच्या बायकोशीही बोलणं बंद.

२१ मे, शुक्रवार

दुपारी वारा सुटला, होडी खडकांकडे सरकायला लागली. थेमेलिसने तीनदा हँडल मारलं, तिन्ही वेळा अर्ध्यावरच सुटलं. मी त्याला बाजूला ढकललं आणि स्वतः फिरवलं. इंजिनाला हात लावला तर चटका बसेल इतकं तापलेलं. पहिल्याच फेरीत सुरू झालं!

आनंदाने वळून बघते तर तो खांदा धरून खाली बसलेला. म्हणाला, "इंजिनाला काही झालंच नव्हतं. सकाळी एकदा हात वर जातो. जाळी ओढली की मग नाही जात. नाताळपासून." पाणबुड्यांचं तेच सांध्यांचं दुखणं, डुबक्या सोडल्यावर इतक्या वर्षांनी! मला रडू आलं, आणि त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली.

धक्का दिसायला लागला तसा म्हणाला, "हँडल माझ्याकडे दे. लोक बघतील."

दिलं.