शेवटची खुर्ची

ओफिन्सो, १२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन मी मुद्दाम उचलत नाही. बोलताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते. अमोआको मामाच्या मयताला तू रिवाजाप्रमाणे उजवीकडून एकेकाचा हात हातात घेत आलास. रांगेत शेवटची मी. मी हात पुढे केला आणि तू वळून चालता झालास. अख्ख्या मांडवाने पाहिलं. दिवसभर बायका विचारत होत्या, भावाचं काय घोडं मारलंस म्हणून. मामामागे आपल्या रीतीने भाचा म्हणून घराचा कर्ता झालास, तर सख्खी बहीण दिसेनाशी झाली का? काही चुकलं असेल तर तोंडावर सांग.

अजून तरी तुझीच बहीण,
अफ्रिये

कुमासी, २ एप्रिल

चि. अफ्रियेस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, पण कारण ऐक. अगं, तू मयताला आलीच नाहीस असं समजून मीच तुझ्यावर रुसून बसलो होतो. तुझं पत्र वाचून हबकलो आणि तुझ्या वहिनीला दाखवलं. कोनाडू मला सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी चौकटीला खांदा आपटतो, डावीकडची भांडी पाडतो, हे तिने कधीचं हेरून ठेवलं होतं.

काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यात पाणी झरत असतं नि बारीकशा मोरीतून निघून जातं. मोरी तुंबली की दाब वाढतो आणि मागची शीर हळूहळू मरते. आधी कडेचं दिसणं जातं, माणसाला पत्ताही लागत नाही. तू नेमकी माझ्या डाव्या कडेला होतीस. आईची नजर गेली तेव्हा आपण वयावर ढकललं. हे भावंडांत असतं म्हणे. तेव्हा राग बाजूला ठेव आणि डोळे तपासून घे.

महिनाभर थेंब घातले, पण दाब हवा तेवढा उतरत नाही. जोडीला मोतीबिंदूही आहे, आता तो काढतानाच त्या मोरीपाशी एक नळी बसवणार आहेत, तिळाहूनही बारीक. मला भीती वाटते. आईसारखं मला काठीला धरून कोणी न्यावं, हे मला सोसायचं नाही.

तुझा दादा,
न्यार्को

ओफिन्सो, १५ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी रडले, मग स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी तपासून आले. माझाही दाब वाढलाय, पण शीर शाबूत आहे, थेंबांवर भागेल. तू मला चारचौघांत टाळलं नसतंस, तर मी दवाखान्याची पायरी चढले असते का?

पायातला काटा काढताना गाव डोक्यावर घेणारा तू, डोळ्याला हात लावू देशील तर खरं. ऑपरेशनला मी येते. पामफळांचं सार आणीन. वहिनीला सांग, भांडी उजवीकडे ठेव.

तुझी,
अफ्रिये

कुमासी, १८ जानेवारी

चि. अफ्रियेस,
अ. उ. आ.

आज पुन्हा तपासणी झाली. नळी जागेवर आहे आणि दाब उतरलेलाच आहे. गेलेली कड परत येणार नाही, बाईंनी स्पष्टच सांगितलं. पण उरलेलं राखता येईल. मला तेवढं पुष्कळ आहे. तुझ्या सारामुळेच मी बरा झालो असं तू गावभर सांगतेस, तेही कानावर आलं.

आता मी मान पूर्ण वळवून बघतो. परवा एका बारशाला रांग संपल्यावरही पुढे गेलो नि रिकाम्या खुर्चीपुढे हात केला. लोक हसले. हसू देत.

येत्या महिन्यात मामाचं वर्ष. तू त्याच शेवटच्या खुर्चीवर बस. हात पुढे कर, आणि मी येईपर्यंत खाली घेऊ नकोस.

माया आहे तशीच राहू दे,
तुझा दादा