पिकू दे म्हणे!

३ मार्च २०१३
आले बाई एकदाची! मास्तरकी संपली, औरंगाबादची खोली सोडली आणि दिंद्रुडजवळ धाकट्या भावाच्या छावणीवर मुक्काम ठोकला. सुंदरराव दूध संस्थेचा चेअरमन. दुष्काळात संस्थेनेच ही जनावरांची छावणी उघडलीय. मला चारावाटप दिलंय: ज्याची म्हैस त्याच्याच हातात पेंडी, दुसऱ्या कुणाच्या नाही. माणसं ओळखण्यात मी पटाईत. पत्र्याची खोली, दाराशी लिंब, दिवसभर रेकणाऱ्या म्हशी. झकास आहे सगळं. दोन म्हशी घेऊन आलेल्या भामाबाईनं चहा आणून दिला. जिभेची तिखट आहे, म्हणजे आमचं जमणार.

१९ मार्च
दारासमोरचा विजेचा खांब मध्येच वाकलाय. वायरमनला चांगला झापला. त्यानं खांबाला पाठ टेकवून दाखवली आणि म्हणाला, सरळ हाय की मॅडम. म्हटलं, मला शिकवू नकोस.

२ एप्रिल
तोंडाला राखाडी फडकं गुंडाळून एक बाई पेंडी मागायला आली. म्हटलं, आधी तोंड उघडं कर. ती म्हणाली, फडकं न्हाई वो बाई. आवाज भामाबाईचा! कान दिसत होते, पदर दिसत होता, मधे नुसता डाग. हात लावून बघितला. नाक होतं तिथं. आणि मी तिच्यावरच खेकसले.

३ एप्रिल
सुंदररावनं बॅटरी मारून निकाल दिला. मोतीबिंदू हाय आक्का, कच्चा हाय, पिकू दे. लई घाई कावून? मेमधे त्याच्या वाढदिवसाला संस्थेचं नेत्रशिबिर आहे, पहिला नंबर माझा, हारतुऱ्यासकट. माझा डोळा म्हणजे ह्याच्या मांडवाची शोभा!

२१ एप्रिल
डागात बायका येतात. हिरव्या लुगड्यांच्या, ओळीनं, मुक्या. भिंतीवर, ताटात, म्हशीच्या पाठीवर. नजर वळवली की सोबत वळतात. भामाबाई अंगारा घेऊन आली, तिला हाकललं. कोण आहात गं तुम्ही? निघा!

४ मे
बस झालं पिकवणं. एसटीनं एकटी अंबाजोगाईला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एकेक डोळा झाकून चौकटींचा कागद दाखवला. मोतीबिंदू नाहीच! डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग वयानं झिजतो, त्यात खालून पाणी-रक्त झिरपलंय. कडेचं दिसत राहील. डाव्याचं मधलं गेलं ते गेलं. उजवा अजून वाचेल, पण इंजेक्शन आठ तारखेला, एक दिवसही टाळायचं नाही. सोबत माणूस हवा. पुढेही इंजेक्शनं लागतील आणि घरी रोज एकेक डोळा झाकून चौकटी बघायच्या. हिरव्या बायका भूत नाहीत, वेडही नाही. रिकाम्या जागेत मेंदू चित्रं भरतो. म्हणाल्या, भावाचेही डोळे तपासा, हे घराण्यात उतरतं. आमची आई आंधळीच गेली. सगळे मोतीबिंदूच म्हणायचे.

सुंदररावला सांगितलं. मला काय धाड भरलीय, म्हणतो.

७ मे
जाड पेनानं लिहितेय. अक्षरं पुसट. उद्याच सुंदररावचा वाढदिवस. म्हणतो, दोन दिसानं जाऊ, काय बिघडतंय?
माझा डोळा बिघडतो, मेल्या!

८ मे
भर मांडवात ह्याच्या गळ्यातला हार तोडला. सगळे बिनतोंडाचे. तेव्हा कुठे जीप काढली. शिव्या देत.

धारूरच्या घाटात मधेच थांबलाय, इंजिन तापलं म्हणून. लिहितेय, नाहीतर ह्याच्या थोबाडीत मारीन.

म्हटलं, एक डोळा झाक, माझ्याकडे बघ. हसला. झाकला. मग दुसरा —

हसणं बंद.

आक्का, तुजं तोंड कुठंय, म्हणतो.

कधीपासून? तर वर्ष झालं असंल. पिकू दे म्हणलं.

वर्ष! वर्षभर हा असाच गाडी हाकतोय —

उतर म्हणतेय. दुसरी गाडी येईल. ऐकत नाही. येळ टळली तर तुजा डोळा जाईल, म्हणतो. आज! आज सुचलं ह्याला!

चावी लावली. रडतोय आणि चालवतोय —

सुंदर, थांब. समोरचं दोघांनाही नाही दिसत. मला कडेचं दिसतं. कठडा संपला, सुंदर, चाक कडेला —