एकाहत्तर टक्के

प्रिय ठमे,

फोनवर आपण हवापाणी, माझे गुडघे आणि तुझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या सायकली एवढ्यावरच थांबतो. आज त्यापुढे जायचंय, म्हणून पत्र. सवडीनं वाच, मध्येच गिऱ्हाईक आलं तर आधी त्याला बघ.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात हल्ली पुस्तकांच्या कपाटांपेक्षा माझ्या मदतीच्या टेबलाशी जास्त गर्दी असते. फोन हातात घेऊनच जन्मलेली ही मुलं, पण फाइल कुठे ठेवलीस म्हटलं की, "मॅडम, कॉम्प्युटरमध्येच आहे ना!" परवा एकीनं प्राध्यापकांना पाठवायची आख्खी मेल विषयाच्या रकान्यात लिहिली. मी हसले, तर म्हणाली, "जागा दिसली, लिहिलं." तिचं तरी काय चुकलं?

त्यांच्यातच दुसऱ्या वर्षाला एक शिंपीणबाई आहे. वय छत्तीस. दिवसा गणवेश शिवते, संध्याकाळी वर्गात बसते. सगळा वर्ग तिला मावशी म्हणतो. गेल्या महिन्यात ती जवळजवळ धावतच टेबलाशी आली. "मॅडम, निबंधाला एकाहत्तर टक्के पडले! सासूलासुद्धा सांगून झालं. आमच्या घरात एवढे कुणालाच नाहीत." मी स्क्रीनवर पाहिलं. निबंध जमा केला की आमचा प्रोग्राम आधी सांगतो, त्यातला किती मजकूर दुसरीकडून जसाच्या तसा आलाय. एकाहत्तर ते होते.

सांगणं माझ्यावरच आलं. ती खुर्चीत बसली. "पण मी चोरून कुठे केलं? पाच पुस्तकं वाचली. जे पटलं ते वहीत उतरवून काढलं, मग टाइप केलं. अभ्यास असाच करतात ना?" वही खरंच होती. दोनशे पानी, सुवाच्य अक्षर, कुठे खाडाखोड नाही.

चौकशीची बैठक बसली. नकलेला वर्ष वाया, असा नियम. मला बोलावलं ते फक्त पुस्तकं ओळखायला. विभागप्रमुख म्हणाले, "एवढी घोडी झाली बाई, हेही आपणच शिकवायचं?" मी म्हटलं, "हो सर, आपणच. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव कसं द्यायचं, हे दीड वर्षात कुणी तिला दाखवलं? मीही नाही. पुस्तक दिलं, शिक्का मारला, झालं." मग तिला पुन्हा लिहायला एक महिना मिळाला.

रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत ती यायची. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते मला सांगायचं. पुस्तक मिटलं की तिची वाचाच बसायची. दहाव्या की बाराव्या दिवशी एकदम म्हणाली, "मॅडम, या लेखकाचं मला काही पटत नाही. कारखान्यातल्या बायकांवर लिहितोय, पण ह्यानं जन्मात सुई धरलेली नाही." मी म्हटलं, हेच लिही. काल निबंध मान्य झाला. मार्क बेताचेच आहेत, पण वर्ष वाचलं.

ठमे, त्या बैठकीत मी बोलले, ते काही एकट्या मावशीसाठी नव्हतं. शाळेत असताना तूही अशाच एका खोलीत उभी होतीस, निबंध नकलेचा म्हणून. मी बाहेर बाकावर. बाहेर येऊन तू एवढंच म्हणालीस, "आई, तूच शिकवलंस ना असं?" आणि मी म्हटलं, "उलट बोलू नकोस. मला मान खाली घालायला लावलीस." शाळा सुटली की जाडजूड पुस्तकातलं रोज एक पान उतरवून काढायला तुला मीच बसवत होते, वर शेजारणींना वह्या दाखवून मिरवत होते. तू पुन्हा वर्गात पाऊल टाकलं नाहीस. आता परत शीक म्हणून हे लिहीत नाही; तुझं छान चाललंय. तू खरं बोलत होतीस, हे कबूल करायला मला अकरा वर्षं लागली. त्या दिवशी बाकावरून उठून मी आत यायला हवं होतं.

तुझीच,
आई